'आय लव्ह लुसी'तला तो टकला घरमालक : विल्यम फ्रॉली, व्हॉडव्हिल आणि सिनेमा

टेकडीवरचा
नमस्कार मंडळी. सध्या लेकीकडे न्यू जर्सीला मुक्काम आहे. बाहेर बर्फ, नात शाळेत, लेक-जावई आपापल्या कामात, त्यामुळे दुपारभर मी, सौ. आणि टीव्ही. एका चॅनलवर जुन्या काळ्यापांढऱ्या मालिका लागतात, त्यातली 'आय लव्ह लुसी' आम्हाला दोघांनाही आवडायला लागलीय, इंग्रजी सगळं कळतं असं नाही पण अडत नाही.

तर त्यात एक घरमालक आहे, फ्रेड मर्ट्झ. टक्कल, पँट पार छातीपर्यंत ओढलेली, दोन्ही हात खिशात, चेहरा असा की जणू आत्ताच कोणी उसने पैसे मागितलेत. हा काम करणारा विल्यम फ्रॉली. मला हा माणूस बघितला की हसू फुटतं. सौ.चं म्हणणं, "तो काही करतच नाही, नुसता उभा राहतो, तुम्ही त्या लुसीकडे बघा, बिचारी किती मेहनत घेतेय." यावरून आमचं रोज वाजतं.

थोडं शोधलं तेव्हा कळलं की गडी मूळचा व्हॉडव्हिलवाला, मग ब्रॉडवे (न्यूयॉर्कची व्यावसायिक रंगभूमी), मग १९३३ला पॅरामाउंट या सिनेमा स्टुडिओशी करार आणि शंभरावर सिनेमे, सगळ्यात दुय्यम कामं, आणि ही मालिका मिळाली तेव्हा वय ६४! आपल्याकडे त्या वयात माणूस पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याच्या रांगेत असतो (मी होतो). तर प्रश्न असा, हे जे 'नुसतं उभं राहणं' आहे ते व्हॉडव्हिलमधून आलं का? की सौ. म्हणते तसं काही नाहीच आणि मी उगाच शोधतोय? जाणकारांनी सांगावं.

चहाबाज
वहिनींना +१. 
आता पॉपकॉर्न घेऊन बसतो.

गोगलगाय
व्हॉडव्हिल म्हणजे नक्की काय हो? नाव ऐकलंय पण डोळ्यासमोर चित्र येत नाही. आपला तमाशाच ना थोडक्यात?

विंगेतून
@गोगलगाय, तमाशा नाही. तमाशात एकच फड, गण-गवळण-बतावणी-वग असा ठरलेला क्रम, सगळी माणसं एकाच कनातीतली. व्हॉडव्हिलमध्ये आठ-दहा वेगवेगळे आयटम, एकमेकांशी काडीचा संबंध नाही. कसरतवाले, मग गाणारी बाई, मग शिकवलेले कुत्रे, मग दोघांची बडबड, मग जादूगार. प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटं. आठवडा संपला की प्रत्येक जण आपापली ट्रंक घेऊन वेगळ्या गावाला. थेटरांच्या साखळ्या होत्या, पूर्वेला कीथ-अल्बी, पश्चिमेला ऑर्फियम. बुकिंग त्यांच्या हातात.

क्रम लावण्याचंही शास्त्र होतं. पहिला आयटम बहुतेक मुका, कसरतींचा, कारण लोक अजून खुर्च्या शोधत असतात, बोललेलं कोणाला ऐकू जाणार. सगळ्यात मोठं नाव शेवटून दुसरं. आणि शेवटी असा कोणीतरी की ज्याला बघून पब्लिक उठून जाईल, म्हणजे पुढच्या खेळाला थेटर रिकामं. दिवसाला दोनच खेळ असले तर तुम्ही 'बिग टाइम', चार-पाच करावे लागले तर 'स्मॉल टाइम'. न्यूयॉर्कचं पॅलेस थेटर म्हणजे पंढरी.

चहाबाज
म्हणजे सोसायटीच्या गणपतीतलं 'विविध गुणदर्शन'. आमच्याकडे शेवटचा मान सेक्रेटरीच्या मेव्हण्याच्या बासरीला असतो. मंडप तीन मिनिटांत रिकामा.

गोगलगाय
हसून हसून पुरेवाट. आता चित्र आलं डोळ्यासमोर.

मकाशेत
आयोवातून हात वर करतो. फ्रॉली आमच्याकडचा! २६ फेब्रुवारी १८८७, बर्लिंग्टन, आयोवा. मिसिसिपीच्या काठावरचं रेल्वेचं गाव. तिथे स्नेक ॲली म्हणून विटांची एक नागमोडी गल्ली आहे, इतकी वळणं की गाडी घातली तर ड्रायव्हरपेक्षा शेजारी बसलेली व्यक्ती जास्त घाम गाळते (बायको बोलत नव्हती संध्याकाळपर्यंत).

तर रेल्वेचं गाव म्हणून याने पण आधी युनियन पॅसिफिकमध्ये कारकुनी केली, ओमाहाला. मग शिकागोत कोर्टात लघुलेखक. डोक्यात मात्र गाणं-नाचणं. धाकट्या भावाला घेऊन नंबर बसवला तर आईने खो घातला, नाटकवाले म्हणजे वाया गेलेले वगैरे. आई आयोवाची असो नाहीतर आटपाडीची, डायलॉग तोच.

मग पळाला पश्चिमेकडे, डेन्व्हरला. तिथे फ्रांझ राथ नावाचा पियानोवाला भेटला आणि दोघांनी जो आयटम केला त्याचं नाव मराठीत सांगायचं तर 'एक माणूस, एक पियानो आणि एक येडा'. 'माय मेलन्कली बेबी' हे पुढे प्रचंड गाजलेलं गाणं आपणच पहिल्यांदा डेन्व्हरमध्ये १९१२ साली लोकांसमोर गायलं असा त्याचा शेवटपर्यंत दावा होता. १९६५ला एका टीव्ही कार्यक्रमात येऊन, ७८व्या वर्षी, ते त्याने म्हणूनही दाखवलं.

अनुस्वार
म्हणजे गायक होता?? त्या घोगऱ्या आवाजात?

मकाशेत
होता की. १९५८ला जुन्या गाण्यांची एलपी पण निघाली त्याची. आवाज ऐका, खर्जात गेला की बरा वाटतो.

पडद्यामागची
लग्नाचं राहिलं. १९१४ला एडना लुईझ ब्रोटशी लग्न केलं आणि नवरा-बायकोने मिळून 'फ्रॉली अँड लुईझ' नावाने वर्षानुवर्षं दौरे केले. १९२१ला वेगळे झाले, १९२७ला घटस्फोट. नंतर लग्न नाही, मुलंबाळं नाहीत. म्हणजे गंमत बघा, सगळ्या अमेरिकेला 'कुरकुरा नवरा' म्हणून जो माणूस माहीत झाला तो तीस वर्षं एकटा राहात होता, त्यातली बरीच वर्षं तर हॉलीवूडच्या निकरबॉकर हॉटेलात.

नाना_बिनधास्त
एवढं कौतुक चाललंय म्हणून मिठाचा खडा टाकतो. माणूस अत्यंत तिरसट, दारुडा आणि बरोबरच्या नटीशी उभं वैर. एथेलचं, म्हणजे फ्रेडच्या बायकोचं काम करणारी व्हिव्हियन व्हान्स त्याच्याहून २२ वर्षांनी लहान, तिचं म्हणणं की हा माझा बाप शोभतो, नवरा कसला. ते याच्या कानावर गेलं आणि मग संपलंच. सहा वर्षं कॅमेऱ्यासमोर संसार आणि कॅमेरा बंद झाला की तोंडं दोन दिशांना. मालिका संपल्यावर या दोघांनाच घेऊन नवी मालिका काढायचं चाललं होतं, हा एका पायावर तयार, पैसे वाढणार होते, तिने साफ नाही म्हटलं. पैशाचं नुकसान झालं म्हणून याने आणखी डूख धरला. असल्या माणसाला डोक्यावर का घ्यायचं?

पडद्यामागची
@नाना, डोक्यावर कोण घेतंय, प्रश्न कामाबद्दल आहे. आणि व्हान्सचंही दुःख समजून घ्या, स्टेजवरची कसलेली नटी आणि मालिकेत तिला कायम काकूबाई दाखवायचे. पण एमी (टीव्हीचा मोठा पुरस्कार) तिला मिळालं. फ्रॉलीला पाच वर्षं लागोपाठ नामांकन आणि पाचही वेळा हात हलवत घरी.

चहाबाज
हात खिशात घालून घरी म्हणा.

विंगेतून
लोल.

दारूचं खरंय पण त्यातच किस्सा आहे. मुळात त्या भूमिकेसाठी ल्युसिल बॉलच्या (लुसीचं काम करणारी) डोक्यात गेल गॉर्डन होता, तो दुसरीकडे बांधलेला. हे कळल्यावर फ्रॉलीने स्वतः फोन करून काम मागितलं. चॅनलवाले बिचकले, याच्या बाटलीची कीर्ती पोचली होती. तर देसी अर्नाझने (लुसीचा नवरा, खऱ्यातला पण आणि मालिकेतला पण) त्याला समोर बसवून स्वच्छ सांगितलं की पिऊन आलास किंवा दांडी मारलीस तर एखाद्या वेळी सांभाळून घेईन, परत झालं तर तुझं पात्रच लिहून काढून टाकीन. पठ्ठ्याने सहा वर्षं तशी वेळ आणली नाही.

याची उलट अट एकच, न्यूयॉर्क यँकीज वर्ल्ड सिरीजला पोचले तर मला सुट्टी. बेसबॉलचं वेड.

अनुस्वार
हे वाचून हिशोब केला. मालिका १९५१ ते ५७. त्या सात वर्षांत यँकीज वर्ल्ड सिरीजला पोचले ५१, ५२, ५३, ५५, ५६, ५७. फक्त ५४ सुटलं. देसीने सही करताना पेपरातलं क्रीडापान वाचलं नव्हतं बहुतेक.

चहाबाज
आमच्या ऑफिसात वर्ल्डकपच्या सेमीफायनलला निम्म्या लोकांच्या आज्या वारतात, त्यापेक्षा हे बरं, लेखी तरी आहे.

नाना_बिनधास्त
ठीक आहे, किस्से रंगतदार आहेत. पण टेकडीवरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर कुठे आलंय अजून? माझं उत्तर, व्हॉडव्हिल-बिव्हिल काही नाही. तेव्हा स्टुडिओची पद्धत अशी होती की पगारी माणसं बांधून ठेवायची आणि सकाळी यादी बघून आज तू हवालदार, उद्या तू बॉक्सरचा मॅनेजर. चेहरा पत्रकारासारखा, आवाज फाटका, बस झालं. शंभर सिनेमे केले म्हणजे मोठा नट असं नसतं, हजेरीपत्रकावर नाव होतं एवढंच.

सातारकर_नाट्यवेडा
बराच वेळ वाचत होतो, आता राहवत नाही. मोठा प्रतिसाद आहे, सांभाळून घ्या.

नानांचं अर्धं बरोबर आहे. सालं बघा. १९२७ला बोलपट आला, पाठोपाठ रेडिओ घराघरात, १९३२ला ज्याला वर पंढरी म्हटलंय त्या पॅलेसने जिवंत कार्यक्रम गुंडाळून सिनेमे लावायला सुरुवात केली. म्हणजे हजारो माणसं, कुत्र्यांसकट, रस्त्यावर. फ्रॉली त्याआधीच १९२५ला ब्रॉडवेवर शिरला होता, १९३२ला तिथे 'ट्वेन्टिएथ सेंच्युरी' नाटकात तोंडाळ प्रेस एजंट केला आणि १९३३ला पॅरामाउंट. बुडत्या बोटीतून वेळेवर उडी. इथपर्यंत नशीब म्हणा, हुशारी म्हणा.

पण त्याच बोटीतले कितीतरी मोठमोठे स्टार सिनेमात येऊन एक-दोन वर्षांत का संपले? कारण व्हॉडव्हिलमध्ये एका माणसाकडे पंधरा मिनिटांचा माल असायचा. तेवढाच. तो दहा-दहा वर्षं पुरायचा, कारण रोज गाव नवं, प्रेक्षक नवा. घासून घासून आरसा केलेला माल. तो सिनेमात एकदा दाखवला की एका रात्रीत सगळ्या देशाने पाहिला. उद्या काय करणार? ज्याचा आयटमच त्याचं भांडवल होता तो एका रिळात कफल्लक. फ्रॉलीकडे असा प्रसिद्ध आयटम नव्हताच. त्याच्याकडे होती ती ढब, उभं राहायची, समोरच्याकडे बघायची, वाक्य ओठातून काढून टाकायची. ढब कितीही वेळा वापरा, संपत नाही. म्हणून तो टिकला. दुय्यम होता म्हणून टिकला असं म्हणा हवं तर.

आता 'नुसतं उभं राहणं'. मी राज्य नाट्य स्पर्धेत बरीच वर्षं कामं करतो. पहिल्या वर्षीची गोष्ट. मी गड्याच्या कामात होतो, खांद्यावर पंचा. नायकाचं हमखास हशाचं वाक्य होतं, तालमीत सगळे हसायचे. प्रयोगात तो वाक्य बोलायला आणि मी पंचा झटकायला एकच गाठ पडली. लोकांची नजर माझ्या पंचाकडे, वाक्य धाडकन पडलं, एक माणूस हसला नाही. विंगेत आल्यावर दिग्दर्शकाने मला जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही, पण त्यातलं छापण्यासारखं एवढंच, की दुसऱ्याच्या हशावर हलायचं नाही. पुढचे सगळे प्रयोग त्या वाक्याला मी पंचा दोन्ही हातांनी धरून उभा राहायचो.

टेकडीवरचे, आता उद्या तुम्ही फ्रॉलीचे खिशातले हात बघा. लुसी सोफ्यावरून पडत असते, रडत असते, त्या वेळी हा बोटसुद्धा हलवत नाही. ते हात खिशात आहेत ते आळस म्हणून नाहीत, पंचा धरलाय त्याने. मग तिचा हशा उतरणीला लागतो, पूर्ण संपायच्या आत हा एक वाक्य टाकतो, तेही तिच्याकडे न बघता, आणि दुसरा हशा त्याचा. हे कॅमेऱ्यासमोर शिकता येत नाही. रोज पब्लिकसमोर मार खाऊनच येतं.

विंगेतून
दंडवत घ्या साहेब.

यात एक भर. 'आय लव्ह लुसी' थेट प्रेक्षकांसमोर चित्रित व्हायची, साधारण ३०० लोक समोर, तीन कॅमेरे एकाच वेळी ३५ एमएम फिल्मवर. कॅमेरामन कार्ल फ्रॉइंड, जर्मनीतला दिग्गज. म्हणजे फ्रॉलीला १८ वर्षं सिनेमात घालवल्यावर म्हातारपणी परत त्याचं पब्लिक मिळालं. त्या मालिकेत हशा येतो तो समोर बसलेल्या माणसांचा आहे आणि तो किती लांबेल हे त्याला आतून कळायचं.

गोगलगाय
आणि मालिकेत फ्रेड मर्ट्झ पण जुना व्हॉडव्हिलवालाच दाखवलाय ना? एका भागात त्याचा जुना जोडीदार येतो.

पडद्यामागची
हो, 'मर्ट्झ अँड कुर्ट्झ', १९५४. तो जोडीदार झाला होता चार्ल्स विनिंजर, तो खरोखरचा जुना स्टेजवाला. दोन म्हातारे आपापल्या जुन्या कपड्यांत नाचतात त्यात. मला तो भाग बघताना दर वेळी कसंतरी होतं, कारण तिथे फ्रॉली एकदम हलका होतो, पाय बघा त्याचे, ६७ वर्षांचे नाही वाटत.

अनुस्वार
ऐकीव किस्सा. हा म्हणे स्क्रिप्ट मिळालं की आपली वाक्यं असलेली पानं फाडून घ्यायचा आणि बाकीचा गठ्ठा फेकून द्यायचा. मग तालमीत तक्रार की हे वाक्य विनोदी नाहीये. अरे बाबा आधीच्या पानावर काय झालंय ते तू वाचलंच नाहीस!

सातारकर_नाट्यवेडा
हाहा, आपल्या जुन्या संगीत नाटकात तेच होतं की. सगळ्यांना पूर्ण नाटक कुठे मिळायचं, ज्याला त्याला आपली 'नक्कल' हाताने उतरवून द्यायचे, आपली वाक्यं आणि आधीच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. माझ्या आजोबांच्या ट्रंकेत एक नक्कल होती, दूताच्या कामाची, तीन ओळी. शेवटपर्यंत जपून ठेवली होती त्यांनी. पूर्ण नाटक काय होतं ते त्यांना विचारलं तर सांगता यायचं नाही.

नाना_बिनधास्त
हे आवडलं. पंच्याचं पण मान्य. पण मग मला सांगा, आपल्याकडे याच्या तोडीचा कोण? लोकनाट्यातून सिनेमात आलेला. दादा कोंडके?

विंगेतून
दादा नाही. दादांनी 'विच्छा माझी पुरी करा' गाजवलं, 'तांबडी माती'तून सिनेमात आले आणि १९७१ला 'सोंगाड्या' काढून स्वतःच राजे झाले. ते नायक. इथे विषय चरित्र अभिनेत्याचा आहे. त्या हिशोबाने निळूभाऊ. सेवादलाचं कलापथक, मग 'कथा अकलेच्या कांद्याची' हे लोकनाट्य, मग १९६८ला सिनेमा 'एक गाव बारा भानगडी'. आणि त्याआधी पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम. तो रेल्वेत कारकून, हा बागेत माळी. निळूभाऊ पण बघा, हलतात किती कमी. मान जराशी तिरकी आणि ते बघणं.

मकाशेत
पण निळूभाऊंना नंतर गंभीर कामं मिळाली, रेंज दाखवता आली. फ्रॉलीला ती संधी कुठे. गणपत पाटलांचं जसं झालं, नाच्या केला आणि आयुष्यभर लोकांनी तेवढंच पाहिलं, तसं काहीसं.

पडद्यामागची
असहमत. 'मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट' (१९४७) बघा. स्वतःला सांताक्लॉज म्हणवणाऱ्या म्हाताऱ्यावर खटला चाललाय आणि न्यायाधीशाला पुढे निवडणूक लढवायचीय. फ्रॉली त्याचा राजकारणी सल्लागार. तो जजला बाजूला घेतो आणि समजावतो की सांता अस्तित्वात नाही असा निकाल दिलास तर काय होईल. पोरं मोजे टांगणार नाहीत, मोज्यात खेळणी पडणार नाहीत, मग खेळण्यांचे कारखाने बंद, कामगार घरी, युनियन तुझ्यावर खवळणार, दुकानदार खवळणार, नाक्यानाक्यावर सांता उभा करून वर्गणी गोळा करणारे खवळणार. एकेक पायरी हा इतक्या थंडपणे चढवतो की आपल्यालाही पटायला लागतं. शेवटी म्हणतो, तुला दोन मतं पडतील, एक तुझं आणि एक त्या सरकारी वकिलाचं. जज पडलेल्या चेहऱ्याने सांगतो, तो वकील दुसऱ्या पक्षाचा आहे.

आता यात फ्रॉली विनोद करत नाहीये. तो खरोखर हिशोब मांडतोय. वॉर्डातल्या मतांची जुळवाजुळव करणारा आपल्याकडचा कार्यकर्ता अगदी असाच बोलतो. सिनेमातला माझा आवडता प्रसंग तो आहे, खटला नाही.

सातारकर_नाट्यवेडा
आणि शेवटचा हशा त्याने जजला दिलाय हे बघा! स्वतः चढवत नेलं आणि टाळीचं वाक्य समोरच्याचं. पंचा धरून उभा.

संपादक_मंडळ
वैयक्तिक रोखाचा एक प्रतिसाद उडवला आहे. चर्चा छान चालली आहे, विषय सोडू नये.

चहाबाज
कोणाचा उडवला? मी काही केलं नाही यावेळी.

नाना_बिनधास्त
माझाच असणार, चालू द्या.

व्हॉडव्हिलचं गोडवे गाताना एक विसरू नका, त्यात गोऱ्यांनी तोंडाला काळं फासून काळ्या लोकांची टिंगल करणं सर्रास चालायचं. दुसरीकडे कीथच्या थेटरात स्टेजवर साधी शिवी चालायची नाही, 'फॅमिली' पब्लिक म्हणून मॅनेजर वाक्यं कापायचा, निळ्या पाकिटातून हुकूम यायचा म्हणे. एवढं सोवळं आणि ते मात्र खपायचं.

विंगेतून
@नाना, हे मात्र शंभर टक्के. ते लपवायचं काहीच कारण नाही.

गोगलगाय
शेवट काय झाला त्याचा?

मकाशेत
लुसी संपल्यावर १९६०पासून 'माय थ्री सन्स' मालिकेत आजोबा. पण तिथे त्याचं मन रमलं नाही. मालिकेचा हिरो फ्रेड मॅकमरी, त्याचा करारच असा की वर्षातले ६५ दिवस येणार, तेवढ्यात त्याची सगळ्या भागांची दृश्यं उरकायची आणि बाकीच्यांनी नंतर त्याच्याशिवाय उरलेलं भरायचं. म्हणजे आज बाराव्या भागातला प्रश्न, दोन महिन्यांनी त्याचं उत्तर. प्रेक्षक नाहीत, क्रम नाही.

मग तब्येत ढासळली. १९६४ला विमा कंपनी त्याचा विमा उतरवायला तयार होईना आणि विमा नाही तर काम नाही. आजोबा आयर्लंडला गेले असं दाखवून पात्र काढलं. त्याच्या जागी काका म्हणून आला विल्यम डेमारेस्ट. तोही व्हॉडव्हिलवाला! 'द जॅझ सिंगर'मध्येही दिसलेला, दिग्दर्शक प्रेस्टन स्टर्जेसच्या सिनेमांतला हुकमी माणूस, ऑस्करचं नामांकन मिळालेला. जन्मतारीख २७ फेब्रुवारी. याची २६. एक म्हातारा उठला आणि त्याच खुर्चीत त्याच शाळेतला दुसरा म्हातारा बसला. फ्रॉलीला ते अजिबात पचलं नाही.

३ मार्च १९६६ला हॉलीवूड बुलेवारवर सिनेमा बघून चालत येताना हार्ट अटॅकने गेला. निकरबॉकर तिथून जवळच. देसी अर्नाझने सिनेधंद्याच्या पेपरात पानभर जाहिरात दिली, फ्रॉलीचा फोटो आणि स्पॅनिशमध्ये 'शुभ रात्री, मित्रा'. बास.

पडद्यामागची
त्याच रस्त्याच्या फूटपाथवर त्याच्या नावाचा ताराही आहे. मी २०१६ला गेले होते तेव्हा त्यावर एक पोरगा बसून बर्गर खात होता. उठ म्हणायचं जिवावर आलं.

चहाबाज
फ्रॉलीने उठवला असता.

टेकडीवरचा
मंडळी, खूप खूप आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सातारकरांचा पंच्याचा प्रतिसाद सौ.ला मोठ्याने वाचून दाखवला. काही बोलली नाही. आज दुपारी भाग लागला तो नेमका चॉकलेटच्या कारखान्याचा, त्यात फ्रेड आणि रिकी (लुसीचा नवरा) घरी स्वयंपाक करायला घेतात आणि भाताचा पार सत्यानाश करतात. तिथे मात्र म्हाताऱ्याचे हात खिशात नव्हते, तोही धडपडत होता! सौ. डोळ्याला पदर लावून हसली आणि मग म्हणाली, "आज त्याचा नंबर होता वाटतं."

आता ती म्हणतेय की तो दुसरा म्हातारा पण बघायचा, डेमारेस्ट. कुठून सुरुवात करू?

विंगेतून
'द लेडी ईव्ह' (१९४१). त्यात हा श्रीमंत पोराचा रखवालदार असतो, संशयी. स्वतंत्र धागा काढा, मी येतो.

चहाबाज
वहिनींनाच आयडी काढून द्या आता.